बिनआवाजाचा तास

संगीत हा शिक्षणाचा आत्मा आहे, असे आमच्या शाळेच्या माहितीपत्रकात तिसऱ्या पानावर जाड अक्षरांत छापलेले आहे. आत्माच असल्यामुळे तो कुणाच्या कानावर पडू नये, अशी चोख व्यवस्था हेडसरांनी करून ठेवली होती.

त्याचे असे झाले. चार वर्षांपूर्वी दहावीचा निकाल दोन टक्क्यांनी घसरला. लगेच चौकशी समिती नेमण्यात आली. समितीत हेडसर एकटेच असल्यामुळे निर्णय एकमताने झाला. दहावीचा वर्ग आणि संगीताची खोली यांच्यामध्ये प्लायवुडचा एक पडदा, त्याला भिंत म्हणायचे. पलीकडे बासरी वाजली की अलीकडे समीकरण सुटत नाही, हे सिद्ध झाले. दुसऱ्या दिवशी सूचनावही फिरली : 'संगीताचा तास नियमित घ्यावा. आवाज होऊ नये.'

दुसरी एखादी बाई असती तर भांडली असती, नाहीतर तासाला स्वेटर विणत बसली असती. आमच्या संगीतबाईंनी सूचनेखाली सही केली आणि सूचना अक्षरशः पाळली. तास नियमित घेतला. आवाज होऊ दिला नाही.

पियानोला कुलूप लागले, किल्ली हेडसरांच्या जुडग्यात गेली. बाईंनी पुठ्ठ्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या रंगवल्या आणि बाकांना चिकटवल्या. बासरीवाले नुसती बोटे हलवायचे, फुंकायचे नाहीत. व्हायोलिनवाल्यांचे गज तारांच्या दोन बोटे वर, हवेत चालायचे. ड्रमवाली मुलगी, जिला तिच्या गळ्यामुळे अख्खी शाळा 'भोंगा' म्हणायची, ती घडी घातलेल्या स्वेटरवर काठ्या मारायची. गाणारे मनात गायचे. तास सुरू होताना बाई प्रयोगशाळेतून मागून आणलेला नादकाटा टेबलाच्या कडेवर हलकेच आपटायच्या आणि एकेकाच्या कानामागच्या हाडाला टेकवायच्या. तेवढा एक 'सा' मिळाला की बाकीचे सूर ज्याने त्याने आपल्या डोक्यात उभे करायचे. घरी गायला-वाजवायला मनाई नव्हती. पण घरी जो तो एकटा. सगळे चाळीस जण एकत्र, मोठ्याने, असे चार वर्षांत एकदाही वाजले नव्हते.

एकदा बाई मध्येच म्हणाल्या, "भोंगा, अर्धी मात्रा पुढे गेलीस."

"बाई, तुम्हाला कसं कळलं? ऐकू तर काहीच येत नाही!"

"कळतं. आणि हळू बोल, तुझं बोलणं ड्रमपेक्षा मोठं आहे."

तर असा तो तास. पाचवीत तो बघून हसणारी मुले नववीत येईपर्यंत गंभीर झाली. जाता-येता खिडकीतून पाहणाऱ्याला वाटायचे, चाळीस मुलांना एकदम काहीतरी झालेले आहे.

आणि मग तपासणीचे पत्र आले. त्यात साध्या भाषेत लिहिले होते की ज्या विषयाचा तास प्रत्यक्ष चालू असलेला आढळणार नाही, त्या विषयाचे पद रद्द होईल आणि शिक्षक अतिरिक्त ठरेल. अतिरिक्त म्हणजे जिथे जागा असेल तिथे. त्या वर्षी जागा एकाच ठिकाणी होती : दोन बस बदलून अडीच तासांवर, आणि तीही ग्रंथपालाची. बाईंच्या नवऱ्याची फिरतीची नोकरी, घरी गुडघा धरून बसलेल्या सासूबाई. पण बाईंना रात्री झोप लागत नव्हती ती बसमुळे नाही. सोळा वर्षे सूर शिकवल्यानंतर पुस्तकांवर शिक्के मारायचे, या विचाराने त्या टक्क उघड्या डोळ्यांनी छताकडे बघत पडायच्या.

तपासणीच्या आदल्या दिवशी त्या हेडसरांकडे गेल्या.

"सर, उद्या माझा तिसरा तास बघणार आहेत म्हणे."

"हो ना. आणि तिसऱ्याच तासाला पलीकडे दहावीची सराव चाचणी आहे."

"मग सर?"

"मग काय? नेहमीसारखं. दाखवायचं, ऐकवायचं नाही."

"सर, माझ्या पदाचा प्रश्न आहे."

"बाई, पद तुमचं, निकाल माझा," हेडसर म्हणाले. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या खुर्चीमागे दर वर्षीच्या निकालाचा आलेख लावलेला होता, आणि त्यातल्या त्या एका खड्ड्याकडे पाठ करून बसता यावे म्हणून खुर्ची तशी फिरवलेली होती.

संध्याकाळी सासूबाईंनी मेथी निवडता निवडता विचारले, "उद्या तो साहेब येणार ना गं?"

"येणार."

"मग वाजवणार ना मुलं?"

"हेडसर नको म्हणाले."

"कमाल आहे बाई तुझी! इथे सिंकमध्ये भांडी अशी आदळतेस की माझं टीव्हीवरचं अर्धं कळत नाही. आणि जिथे आवाजाचा पगार मिळतो तिथे मुकाट?"

"आई, सूचनेवर सही केलीय मी."

"लग्नात तर तू कशाकशावर सही केली होतीस," सासूबाई म्हणाल्या, "त्यातलं काय काय पाळलंस ते मी बघतेच आहे."

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला तपासनीस आले. बारीक चणीचा माणूस, खिशाला तीन पेने, चेहऱ्यावर आज सकाळपासून दोन तास बघितल्याचा थकवा. मागच्या बाकावर बसले, वही उघडली. दाराशी हेडसर उभे राहिले, आणि त्यांच्यामागे शिपाईमामा, कारण हेडसर जिथे उभे राहतात तिथे मामांना उभे राहावे लागते.

बाईंनी नादकाटा फिरवला. हात वर केला. खाली आणला. चाळीस जण सुरू झाले.

खोलीत पंख्याचा आवाज होता. पलीकडून दहावीच्या गणितबाईंचा "मागे बघू नकोस" असा आवाज होता. बाकी काही नाही. गज हवेत वरखाली होत होते, बोटे पुठ्ठ्यावर पळत होती, भोंगा स्वेटर बडवत होती. तपासनिसांनी एक मिनिट वाट पाहिली. मग दोन. मग त्यांनी करंगळी कानात घालून फिरवली.

"बाई," ते म्हणाले, "तास कधी सुरू होणार?"

"चालू आहे साहेब. तिसऱ्या ओळीवर आहेत."

"माझी थट्टा चाललीय का?"

"नाही साहेब. मुलं मधे थांबली तर लय जाईल, म्हणून मी हळू बोलतेय."

तपासनिसांनी पेनाचे टोपण काढले. वहीत 'तास चालू आहे काय' या प्रश्नासमोर 'नाही' लिहायला त्यांनी 'ना' काढलासुद्धा. बाईंनी तो लांबून पाहिला, आणि हात तसाच हलता ठेवला, कारण मुले त्या हाताकडे बघत होती.

काना झाल्यावर तपासनीस थांबले. त्यांची नजर पाच व्हायोलिनवाल्यांवर गेली. पाचही गज एकाच क्षणी उलटे फिरले. पुढच्या क्षणी सगळ्या बासऱ्या एकदम खाली आल्या. डाव्या हाताला बारा मुलांनी एकाच वेळी श्वास घेतला.

ते ताडकन उठले. "थांबा!"

सगळे थांबले. ते पहिल्या रांगेतल्या मुलीपाशी गेले. "तू आत्ता कुठल्या सुरावर होतीस? गाऊन दाखव."

मुलीने बाईंकडे पाहिले, बाईंनी हेडसरांकडे, हेडसरांनी दहावीच्या प्लायवुडकडे.

"हळूच," तपासनीस म्हणाले.

ती हळूच गायली. तपासनीस खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेले. "तू?" तोच सूर. खिडकीपाशी. "तू?" तोच. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा खालच्या पट्टीत गायला, पण सूर तोच. तपासनिसांनी टोपण पेनाला लावायचे ते चुकून बोटाला लावले.

"आता मोठ्याने," ते म्हणाले. "सगळं. पहिल्यापासून."

"साहेब, दहावीची चाचणी—" हेडसर पुढे आले.

"सर, मी संगीताचा तास तपासायला आलोय. डोळ्यांनी जेवढा तपासता आला तेवढा तपासला. पियानोची किल्ली कुठे आहे?"

जुडग्यात एकेचाळीस किल्ल्या होत्या. मामांनी सदतिसावी लावून झाकण उघडले, आत कोंबलेले जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे उपसले, एक झुरळ मारले आणि "वाजवा" म्हणाले. चार वर्षांत शाळेला संगीताबाबत मिळालेली ही पहिली अधिकृत परवानगी.

बाईंनी हात वर केला. खाली आणला.

चाळीस जणांचा पहिला सूर एकदम बाहेर पडला आणि चाळीसही जण दचकून थांबले. भोंगाने काठ्या पाठीमागे लपवल्या. एका बासरीवाल्याने शेजाऱ्याकडे बोट दाखवले. हा एवढा आवाज आपण केला, हे कुणालाच पटेना, आणि दाराशी हेडसर सवयीने ओरडलेच, "कोण आहे रे ते?"

"तुम्हीच आहात," बाई मुलांना म्हणाल्या. "तुमचाच आहे तो. घाबरू नका. परत."

परत हात. या वेळी कुणी थांबले नाही. पियानोच्या चार पट्ट्या मुळीच वाजत नव्हत्या, पण वाजवणाऱ्या मुलीला त्याचे काही नव्हते. चार वर्षांत तिची एकही पट्टी वाजली नव्हती. व्हायोलिने चढली, बासऱ्या त्यांच्यावरून गेल्या, बारा गळे त्यांच्याखालून आले. भोंगाने स्वेटरवर मारायच्या ताकदीने खऱ्या ड्रमवर काठी मारली आणि प्लायवुड हलले. चार वर्षे दाबून ठेवलेले सगळे एका तासात निघत होते, आणि तरीही एकही जण अर्ध्या मात्रेने पुढे गेला नाही. बाई हसत होत्या, आणि डोळे पुसायला दुसरा हात मोकळा नव्हता म्हणून तसेच वाहू देत होत्या.

पलीकडे चाचणी बंद पडली. दहावीची मुले खिडक्यांना लोंबकळली. गणितबाई त्यांना हटवायला आल्या आणि तिथेच पट्टीने चौकटीवर ताल धरून उभ्या राहिल्या. मामांनी मान डोलावली. हेडसरांनी आजूबाजूला पाहिले, कुणी बघत नाही अशी खात्री करून घेतली, आणि उजवा बूट वाजवायला सुरुवात केली. कुणीतरी बघत होते.

शेवटचा सूर थांबला तेव्हा एवढी शांतता झाली की पंखा परत ऐकू आला. मग शाळाभर टाळ्या पडल्या.

तपासनीस वहीकडे वळले. लिहिलेल्या 'ना'पुढे त्यांनी बराच विचार करून लिहिले : 'नादमय स्वरूपात चालू आहे.'

संध्याकाळी बाई घरी आल्या तेव्हा सासूबाई दारातच होत्या. "काय गं?"

"वाजवलं."

"इथवर ऐकू आलं," सासूबाई म्हणाल्या. ते खोटे होते. शाळा घरापासून सव्वा मैल होती. पण बाईंनी त्या दिवशी सगळे खरे धरायचे ठरवले होते. त्यांनी भांडी घासली, हवी तेवढी आदळून.

दोन महिन्यांनी आदेश आला. संगीताचे पद कायम. संगीतबाई त्याच शाळेत, त्याच विषयाला. आवाजाबाबतची सूचना रद्द. शिवाय तपासनिसांच्या खास शिफारशीवरून संगीतासाठी स्वतंत्र, ध्वनिरोधक भिंतींची, हवेशीर खोली मंजूर. तिसऱ्या कलमात जागाही नक्की केलेली होती : दुसऱ्या मजल्यावरची पूर्वेकडची खोली, तात्काळ ताब्यात घ्यावी. हेडसरांनी आदेश शिक्षकसभेत उभे राहून वाचून दाखवला, सर्वांनी बाके वाजवली, भोंगाने दारातून ओरडून शाळेच्या नावाचा जयजयकार केला.

आमच्या शाळेची इमारत बैठी आहे.