कासीमिरोचे चार दगड

सासूबाई कोरड्या तळ्यात होडीला लामा जनावराची चरबी चोळत बसल्या होत्या, तेव्हा वरल्या गावचा कासीमिरो येऊन उभा राहिला. पोओपो तळं आटून सहा वर्षं झाली. मासे मेले, बदकं गेली, आम्हा ऊरू कोळ्यांची पोरं मिठागरांत पांगली. माझा नवरा लीनोही तिथंच मीठ खरवडतो. तळ्याच्या बुडावर मात्र कासीमिरोनं चार कोपऱ्यांना दगड रोवून किनव्याचं धान्य पेरलं. ज्याचे दगड आणि पीक, त्याची जमीन, असा इथला रिवाज.

लीनोला परत आणायचं म्हणून मी कासीमिरोकडं झोपडीपुरती जागा मागितली होती. तो हसला होता. "तुमी पान्याची मान्सं. पान्यातच ऱ्हावा की." सासूबाईंनी ते शब्द मनात धरून ठेवले होते.

आता पेरणी तोंडावर आली होती, आणि त्याला विचारायचं होतं, यंदा पाऊस कसा. शेतकरी आभाळ बघतात, आम्ही पाखरं. नदीच्या तोंडाशी उरलेल्या लव्हाळ्यात पाणकोंबडीनं घरटं यंदा हातभर उंच बांधलं होतं. पाणी तिथवर चढणार हे आम्हा दोघींना ठाऊक होतं.

"तुजं आभाळ काय म्हंतं?" सासूबाईंनी विचारलं.

"कोरडं."

"मग पेर की."

मी सासूबाईंपुढं चरबीचा गोळा सरकवला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

फेब्रुवारीत, आमच्या ऐन पावसाळ्यात, तळं भरलं. किनवा बुडाला. लामा सोडवायला गेलेला कासीमिरो शेतातच अडकला. शेत आणि काठ यांच्यामधे नदीचा खोल प्रवाह, आणि गड्याला पोहता येत नव्हतं. आम्ही होडी नेली, तर सासूबाईंनी वल्हं आडवं धरलं.

"चढू दे, मावशे."

"आदी दगड उपट."

होडीची कड धरून तो कमरेइतक्या गार पाण्यातून चारी कोपरे फिरला. एकेक दगड वर आला आणि आम्ही तो प्रवाहात सोडला. शेवटी त्याचे दात वाजत होते, तेव्हा कुठं सासूबाईंनी त्याला वर ओढलं.

"कसं काय वाटलं पान्यात?" एवढंच विचारलं.

पंधरवड्यात पाणी ओसरलं. कासीमिरोला कोपरे सापडेनात, आणि दगड नाहीत म्हणून पंच त्याचं ऐकेनात. आम्ही तिथंच होडी पालथी घातली, खाली चूल मांडली, दाराशी किनवा पेरला आणि चार दगड रोवले. लीनोला निरोप गेला. तो आला, पाठीवर मिठाचं पोतं घेऊन.

अजूनही पेरणी आली की कासीमिरो आमच्या दाराशी येतो आणि पाऊस विचारतो. सासूबाई मान वर करत नाहीत.

"आभाळ बघ," म्हणतात.