दयानंदच्या मापाची गिटार

मी एक जुनी पेडल स्टील गिटार बोलतेय. गिटार म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जी येते ती मी नव्हे. मला कोणी गळ्यात अडकवत नाही. मी शिलाई मशीनसारखी चार पायांवर उभी असते, माझ्या पाठीवर दहा तारा असतात आणि वाजवणारा खुर्ची घेऊन समोर बसतो. त्याच्या पायांखाली पेडल, दोन्ही गुडघ्यांशी माझ्या दांड्या. त्या दाबल्या की तार ताणली जाते आणि सूर चढतो. म्हणजे माणूस मला अख्ख्या अंगानं वाजवतो, आणि मी त्याचं अंग लक्षात ठेवते. खोड म्हणा, गुण म्हणा.

माझा जन्म परदेशातला. बेंगळुरूला कशी आले ते आता धड आठवत नाही. आठवतो तो दयानंद. निपाणीकडचा माणूस, दिवसा कारखान्यात, संध्याकाळी एका हॉटेलच्या बँडमध्ये. कारखान्यात पडून त्याचा डावा गुडघा कायमचा अधू झाला होता, बाहेरच्या बाजूला हलतच नसे. म्हणून माझी डावी दांडी वाकवून आत घेतली गेली. एकवीस वर्षं तो रोज माझ्यापुढे बसला आणि मी त्याच्या मापाची झाले. दुसऱ्या कोणाची व्हावं असं मला कधीच वाटलं नाही, हे आधीच सांगून टाकते.

शेवटी शेवटी त्याचे कान गेले. हे फक्त मला आणि त्याच्या बायकोला, चंपाला, ठाऊक होतं. बँडमध्ये कळलं असतं तर घरी बसावं लागलं असतं, म्हणून तो समोरच्याच्या ओठांकडे बघून हसायचा आणि मान डोलवायचा. माझ्याशी कसली लपवाछपवी! पाचवी तार त्याला सारखी उतरलेली वाटे. सूर बरोबर लागलेला असला तरी तो पाना घेऊन तिचा स्क्रू पिळत राही. मग एका संध्याकाळी रस्ता ओलांडताना, मागून आलेल्या बसचा हॉर्न त्याला ऐकू आला नाही.

चंपानं मला जुन्या चादरीनं झाकलं. सहा वर्षं तशीच होते. अधूनमधून माझी डावी दांडी कुरकुरायची. घरात वारा नसायचा, उंदीर नव्हते. चंपा स्वयंपाकघरातून म्हणायची, "पानं वाढलीत हो," आणि मग एकदम गप्प व्हायची. अखेर तिनं मला जुन्या सामानाच्या दुकानात दिलं. जाताना दुकानदाराला बजावलं, "घेणाऱ्याला सांगा, आधी हिला स्वतःच्या मापाची करून घे म्हणावं. अशीच घेऊन बसू नको." दुकानदार कानडीत "सरी अक्का", म्हणजे बरं ताई, म्हणाला आणि विसरला.

गिरीराजनं मला घेतलं. त्याचं घराणं पिढ्यान् पिढ्या इथलंच; तो सर्जापूर रोडच्या एका फ्लॅटमध्ये आईबरोबर राहतो, कंप्युटरवर काम करतो. सुरुवातीला माझी दांडी त्याच्या गुडघ्याला लागायची. मग त्याचा गुडघा शिकला. चौथ्या महिन्यात तो डावा पाय ओढत चालू लागला. त्याची आई, गोजराबाई, काळजीनं अर्धी झाली. डॉक्टरनं फोटो काढले, त्यांत काही निघालं नाही. निघणार कसं? मी मात्र खूश होते. दारातून तो पाय घासत आला की मला वाटायचं, आला माझा माणूस. खोटं कशाला बोलू?

एका रविवारी सकाळी त्यानं देवाप्पाला बोलावलं. देवाप्पाचं इथल्याच, बेंगळुरूच्या शिवाजीनगरात वाद्यदुरुस्तीचं दुकान आहे. कॉलेजपासून गिरीराज तिथं पडीक असायचा, आणि वयात तीस वर्षांचं अंतर असूनही दोघांची दोस्ती जमली. देवाप्पा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी गावी गेला होता, तो नुकताच परतला होता. मला पाहताच त्यानं वाकून माझी डावी दांडी चाचपली.

"आरं, ही तर दयानंदची! माझ्या जिवलगाची. ही दांडी मीच वाकवल्ती, त्येच्या मोडक्या गुडघ्यासाठनं. तू हिच्यापुढं कवापास्नं बसतोयस?"

"चार महिने झाले, अण्णा."

"देवाप्पाण्णा, त्याचा डावा पाय बघा की हो," गोजराबाई दारातून म्हणाली.

देवाप्पानं गिरीराजला खोलीभर चालायला लावलं. ते बघून देवाप्पाचा चेहरा उतरला. तो माझ्याखाली उताणा झोपला, मोबाइलचा उजेड धरला आणि दांडीच्या बोल्टला पाना लावला.

मी धरून ठेवलं. पाना दोनदा घसरला, त्याच्या बोटातून रक्त आलं. तिसऱ्यांदा तो अगदी हळू म्हणाला, "सोड की गं आता. त्यो गेला."

त्यानं असं म्हटल्यावर माझ्यात बळ राहिलं नाही. बोल्ट सुटला. त्यानं दांडी सरळ केली, गिरीराजच्या गुडघ्याचं माप घेऊन बसवली. तासाभरानं गिरीराज उठला आणि गॅलरीपर्यंत नीट चालत गेला. गोजराबाईनं डोळ्यांना पदर लावला.

मग दोघं तारा लावायला बसले. एकेक पेडल दाबायचं, सूर मापायच्या यंत्राकडे बघायचं, कडेचा स्क्रू जरासा फिरवायचा. पाचव्या तारेशी यंत्र लाल झालं, म्हणजे सूर चढा होता. देवाप्पाचा हात थांबला. त्यानं ती तार दोनदा छेडली आणि त्याचे डोळे भरून आले.

"ही अशीच ऱ्हाऊ दे. त्येचा हात हाय ह्यात. मुद्दाम चढी ठिवायचा त्यो, गोडी यावी म्हणून."

"यंत्र लाल दाखवतंय, अण्णा. स्वल्प उतरवूया?"

"यंत्राला काय कळतंय? ऐकत जा, कान बसंल तुजा."

"सरी, अण्णा."

मुद्दाम नाही रे देवाप्पा, मुद्दाम नाही! पण मला तोंड कुठं आहे?

याला तीन आठवडे झाले. गिरीराजचा पाय उत्तम आहे. ती तार वाजली की पहिल्यांदा तो तोंड वाकडं करायचा, आता करत नाही. काल त्यानं ती छेडली, मान हलवली आणि पाना घेऊन आणखी पाव फेरा पिळली. आतून गोजराबाईनं त्याला तीनदा हाक मारली. शेवटी ती येऊन खांद्याला शिवली तेव्हा तो दचकला, तिच्या ओठांकडे बघून हसला आणि मान डोलवली. तिला काही कळलं नाही.

उद्या सोमवार. तो स्कूटरवरून ऑफिसला जाईल आणि मागून गाड्या येत राहतील. मला दयानंद हवा आहे, पण असा नको. एका आईचा मुलगा घेऊन तर नकोच.

देवाप्पा, ये रे बाबा. तो पाचवा स्क्रू उलटा फिरव. मी धरून ठेवीन, माझा स्वभावच तो. तू जोर लाव.