हात न लावता

नदीवरचा पूल पडला तेव्हा मंतरवाल्यांनी सरळ हात वर केले. "आम्हाला पूल लागत नाही," असं त्यांच्यातला एक जण चारचौघांत म्हणाला, आणि ते खरंच होतं. त्यांना उडता यायचं. कोट सावरला, पाय उचलले, की पोचले पलीकडच्या तीरावर. ज्यांना उडता येत नव्हतं ते, म्हणजे उरलेलं सगळं गाव, होडीने जायचे, आणि नदी चढली की होडीवाला होडी काठावर पालथी घालून तिच्यावरच बसून राहायचा.

गावाने हे ऐकून का घेतलं म्हणाल, तर राज्यच मंतरवाल्यांचं. का त्यांचं? तर त्यांना जादू येत होती म्हणून. झालं, एवढंच कारण! अहो, बोट हलवून कपाट हवेत तरंगवता येतं म्हणून माणसाला कारभार कळतो, हे कोणी ठरवलं? कोणाला शिट्टी छान वाजवता येते म्हणून त्याच्या हातात दवाखाना दिलेला ऐकलाय कधी? पण एखादी गोष्ट फार वर्षं चालली की ती का, हे विचारायचंच राहून जातं. तसं ते राहून गेलं होतं.

गावची रीत अशी की प्रमुख वारला की चौकातल्या चौथऱ्यावरची दगडी खुर्ची खाली उतरवायची. मग दवंडीवाल्याने घसा खाकरून ओरडायचं, "हात न लावता जो ही खुर्ची चौथऱ्यावर चढवेल, त्याची खुर्ची! हरेल त्याने गाव सोडायचं!" मग तो विचारायचा, "आणखी कोणी?" ते आपलं विचारायचं म्हणून. पुढे यायला वेड लागलंय कोणाला? मंतरवाल्यांनी आपसात ठरवलेला एक जण बोट वर करायचा, खुर्ची अलगद चौथऱ्यावर जायची, लोक टाळ्या वाजवून आपापल्या दुकानात परत जायचे.

या खेपेला वारलेल्या प्रमुखाचा पुतण्या बसणार होता. त्याने नवा कोटसुद्धा शिवून घेतला होता.

आणि इकडे खालच्या गल्लीत मुकादमीण पट्टे शिवत बसली होती. जड सामान हलवणाऱ्यांची टोळी तिची. तिजोऱ्या, पियानो, लोखंडी भट्ट्या, छापखान्याची यंत्रं, जे कोणाला हलत नाही ते हिच्या टोळीने अरुंद जिन्यावरून वळवून खाली आणायचं. टोळी बापाकडून आलेली, टोळीत घरचीच माणसं: नवरा, धाकटा दीर आणि दिराच्या दुप्पट ताकदीची नणंद. त्यांच्या कामाची एक तऱ्हा होती. ओझ्याला हात म्हणून लावायचा नाही. घामाने हात सुटतो, बोट चेंगरतं. रुंद पट्टा ओझ्याखालून घ्यायचा, त्याची टोकं खांद्यात अडकवायची आणि गुडघ्यांतून उठायचं. ओझं निसटायला लागलं की "धरा!" म्हणून ओरडायचं. त्यांच्यात 'धरा' म्हणजे पाठ लावा.

"अगं, पुन्हा एकदा विचार कर," नवरा म्हणाला. "हरलो तर गाव सोडायचं. आणि पलीकडचा तीरही गावातच मोडतो. लेकीच्या दारात पाऊल टाकता येणार नाही आपल्याला."

"आत्ता येतंय का?" मुकादमीण म्हणाली.

त्यांची एकुलती एक लेक पलीकडच्या तीरावर दिलेली. दिवस भरत आलेले, पहिलं बाळंतपण, घरात सासू नाही, आणि नदी रोज चढत होती. सुईणही अलीकडच्या तीरावरच राहायची. मुकादमीण मंतरवाल्यांकडे जाऊन आली होती, एकदा नाही, बऱ्याचदा. निदान सुईणीला तरी उडवत न्या म्हणाली. बघू म्हणाले. परत गेली तर तुम्ही कोण म्हणाले. त्या दिवशी ती घरी आली आणि कोणाला न सांगता तिने जाड कापड आणून पट्टे शिवायला घेतले.

"वहिनी, आपल्याला जमेल ना गं?" नणंदेने विचारलं.

"तिजोरी जमते, खुर्ची नाही जमणार? खुर्चीला तर पायही आहेत."

चौकात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मंतरवाले चौकावरच्या एका गच्चीत बसले होते, पुतण्या नव्या कोटात खुर्चीजवळ उभा होता. निवाडा करायला मंतरवाल्यांतल्या सगळ्यात वयस्क, थोरल्या बाई, छत्री घेऊन खाली चौकातच बसल्या होत्या. त्या फारसं कोणाशी बोलत नसत. दवंडीवाला ओरडला. मग सवयीने म्हणाला, "आणखी कोणी?"

"मी," मुकादमीण म्हणाली.

दवंडीवाल्याने ढोल वाजवायला काठी उचलली होती, ती तशीच वर राहिली. "मी म्हणजे?"

"मी म्हणजे मी. आणि माझी टोळी."

गच्चीत हशा पिकला. पुतण्या तर डोळे पुसायला लागला. थोरल्या बाई तेवढ्या हसल्या नाहीत. "आव्हान देणारा आधी, अशी रीत आहे," त्या म्हणाल्या. "अट माहीत आहे ना?"

"हात न लावता. पाठ आहे मला."

टोळीने आधी जाड फळ्या चौथऱ्याला तिरक्या लावल्या. फळ्यांना हात लावायला कोणाची ना नव्हती. खुर्चीसमोर पट्टे पसरले. मग मुकादमिणीने तिघांचे हात पाठीमागे घेऊन फडक्यांनी बांधून टाकले. शेवटी ती स्वतः राहिली, तिचे बांधायला कोणाचे हातच मोकळे नव्हते. ती दवंडीवाल्यापुढे पाठ करून उभी राहिली. "बांधा. घट्ट बांधा, नंतर कोणी तोंड वर करून बोलायला नको." बिचाऱ्याने बांधले. हशा आता पुष्कळ कमी झाला होता.

नणंदेने पायाच्या बोटांनी पट्टा खुर्चीच्या दगडी पायांमधून पलीकडे सरकवला. दिराने टाचेने ओढून घेतला. पट्ट्याची टोकं शिवून फासे केलेले होते, ते दातांत धरून एकमेकांच्या खांद्यात अडकवले. हे सगळं इतक्या सहज झालं की पुढच्या रांगेतला पाववाला "अरे वा!" म्हणून गेला आणि गच्चीकडे बघून गप्प बसला.

"गुडघे," मुकादमीण म्हणाली. चौघं वाकली. "ऊठ!"

आणि खुर्ची जमिनीवरून उठली! फार नाही, हाताची चार बोटं आत जातील एवढीच, पण उठली. चौकातून असा आवाज निघाला की गच्चीतल्यांनी खुर्च्या पुढे ओढल्या. टोळी फळ्यांवर चढली. एक पाऊल, श्वास, एक पाऊल. मुकादमिणीच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. तिला समोर काही दिसत नव्हतं, फक्त दगड आणि दगडामागे नवऱ्याचा लालबुंद चेहरा.

अर्ध्यावर दिराचा पाय घसरला.

खुर्ची मागे कलली. पट्टा करकरला. जन्मभराच्या सवयीने नवरा ओरडला, "धरा!"

घात झाला! टोळीत 'धरा' म्हणजे पाठ लावा, पण गावाला ते कुठलं माहीत? गावाला 'धरा' म्हणजे धरा. पुढच्या रांगेतली माणसं हात पसरून धावली. चांगल्या मनाने धावली हो, पण कोणाचंही एक बोट लागलं की संपलं. घर गेलं, गाव गेलं, लेक गेली. होता नव्हता तेवढा दम एकवटून मुकादमीण किंचाळली, "हात मागे! हात मागे घ्या सगळ्यांनी! पाठ लावा!"

पाववाल्याचे तळवे दगडापासून वीतभर अंतरावर थांबले. मग त्याने हात पाठीमागे बांधले, गर्रकन वळला आणि आपली रुंद पाठ खुर्चीखाली घातली. त्याच्या शेजारी होडीवाला. मग सुईण, साठी उलटलेली, पण ती काय ऐकते! धोबी, छापखान्यातले दोघे, शाळेच्या बाई. "हात मागे! हात मागे!" चौक ओरडत होता, आणि ज्यांना खुर्चीपर्यंत पोचता येत नव्हतं ते पुढच्याच्या पाठीला पाठ लावून रेटत होते. दिराने पाय रोवला. खुर्ची सरळ झाली. मग ती चढली म्हणजे काय, पाठींवरून वाहतच गेली जणू, आणि धप्पकन चौथऱ्यावर बसली.

काय तो गलका! लोकांना टाळ्या वाजवायच्या होत्या, पण अजून कोणी हात पुढे आणायला धजेना, म्हणून सगळे पाय आपटत होते.

"हे चालणार नाही!" पुतण्या ओरडला. "एकटीने चढवायला हवी होती!"

"एकट्याने, असं कुठे म्हटलंय?" मुकादमीण धापा टाकत म्हणाली. "आणि तुमचा मंत्र तुम्ही एकट्याने शोधलात का? काकांनीच शिकवला ना? आमच्यात खांदा देतात, तुमच्यात मंत्र देतात. हिशेब एकच."

सगळ्यांनी थोरल्या बाईंकडे बघितलं. त्या छत्री टेकत चौथऱ्यापाशी आल्या, खुर्चीभोवती फिरल्या.

"कोणाचा हात लागला?"

सगळ्या चौकाचे हात अजून पाठीमागेच होते.

"चढली आहे का?"

"चढली!" सगळा चौक एका आवाजात म्हणाला.

"मग मला कशाला विचारता?" थोरल्या बाई म्हणाल्या. "मुकादमीणबाई, बसा."

पुतण्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "पण हिला जादू येत नाही!" तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात राग कमी आणि खराखुरा गोंधळ जास्त होता. "जादू येत नाही ती राज्य कसं करणार?"

मुकादमीण खुर्चीत बसली नव्हती. ती चौथऱ्याच्या कडेला उभी होती, केस विस्कटलेले, खांद्यावर पट्ट्याचे लाल वळ. आनंदाने तिला रडू येत होतं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते.

"तुम्हाला उचलता येतं, हे मला कबूल आहे," ती म्हणाली. "फार सुंदर उचलता तुम्ही. पण उचलता येणाऱ्याला हमाल म्हणतात, राजा नाही. मी स्वतः हमाल आहे, म्हणून सांगते."

गाव असं हसलं की गच्चीवरच्या कबुतरांनीही पळ काढला. थोरल्या बाई छत्रीआड तोंड लपवून हसत होत्या.

"आणि हे मलाही लागू आहे," मुकादमीण पुढे म्हणाली. "मी खुर्ची उचलली म्हणून मला कारभार कळतो असं नाही. पूल होईपर्यंत बसते. आणि हरलं म्हणून कोणी गाव सोडायचं नाही, पुलाला माणसं लागतील. मग ही खुर्ची जागची हलवायची नाही. सगळ्या गावाने इथे जमायचं आणि हात वर करायचे. मंतरवाल्यांनीही करायचे, एका माणसाचा एक. ज्याच्यासाठी जास्त हात, तो बसेल. आता कोणीतरी माझे हात सोडा, नदीवर काम आहे."

पुतण्याच पुढे झाला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. त्याने मंत्र म्हटला नाही, वाकून गाठ सोडायला घेतली. दवंडीवाल्याने भलतीच पक्की मारली होती, त्याला नखं लावावी लागली.

"दगड फार मोठे आहेत तिथले," मुकादमीण त्याला म्हणाली. "कोट काढून या."

दुपारी सगळं गाव काठावर होतं. पुतण्या आणि आणखी पाच-सात मंतरवाले पात्रातून दगड वर उचलत होते आणि गवंडी त्यांना दम भरत होता, "डावीकडे, डावीकडे! झोप लागली का?" कामं भराभर होत होती. खरं सांगायचं तर मंतरवालेही खुशीत दिसत होते. इतक्या वर्षांत त्यांना कोणी उपयोगाचं काम सांगितलंच नव्हतं.

पलीकडच्या तीरावर एक बाई आली. एक हात कमरेवर, पोट पुढे. मुकादमिणीने लांबूनच ओळखली.

"आई!" पलीकडून हाक आली. "काय चाललंय गं?"

"पूल होतोय!" मुकादमीण ओरडली.

पाण्याचा आवाज फार होता. लेकीने कानामागे हात धरला.

मुकादमीण पुन्हा ओरडली, पण तिचा आवाज आता फुटत होता. मग नवरा ओरडला, नणंद ओरडली, पाववाला, होडीवाला, सुईण, दगड हवेत धरून उभा असलेला पुतण्या, सगळा काठच्या काठ ओरडला, "पूल होतोय!"

आणि पलीकडे लेकीने दोन्ही हात वर केले.