दोन मास्तरांची सूरचकती

आधीच सांगून ठेवते, मला शिट्टी म्हणायचं काम नाही. शिट्टी वॉचमनकडे असते, क्रिकेटच्या पोरांकडे असते. मी सूरचकती बोलतेय. मारी बिस्किटाएवढी, गोल, एकेकाळी चकचकीत, आणि कडेनं तेरा भोकं. प्रत्येक भोकात एक पितळी पत्ती, प्रत्येक पत्तीचा एक ठरलेला सूर. फुंकलीत की सूर देते, श्वास संपला की गप्प बसते. पुढचं गाणं तुमचं तुम्ही निस्तरा!

एकोणऐंशी साली बोटीवर काम करणाऱ्या जॉन नावाच्या माणसानं मला परदेशातल्या कुठल्याशा बंदरात विकत घेतलं आणि सांताक्रूझला आपल्या थोरल्या भावाच्या तळहातावर ठेवलं. हा थोरला भाऊ म्हणजे ज्युलियस, माझा मालक. टपाल खात्यात कारकून आणि रविवारी चर्चच्या कॉयरचा मास्तर. मला बघितल्याबरोबर त्यानं बायकोला, जोसेफीनला, स्वयंपाकघरातून बोलावून घेतलं आणि तेराच्या तेरा सूर वाजवून दाखवले.

"छान आहे," ती म्हणाली. "आता जेवतोस का? तिकडे बोंबील करपतायत."

तीन वर्षं मी ज्युलियसच्या सदऱ्याच्या खिशात ऐटीत काढली. मग चर्चमध्ये गिटारवाली तरुण मंडळी आली. "अंकल, तुम्ही खूप केलं, आता आराम करा," असं त्यांनी अगदी गोड शब्दांत सांगितलं. गोड शब्दांत सांगितलं म्हणून काय झालं? तो घरी आला, मला कपाटात ठेवलं आणि खुर्चीत बसून राहिला. महिनाभर घरात साधी शीळसुद्धा ऐकू आली नाही. मला फार वाईट वाटायचं हो.

शेवटी जोसेफीननंच त्याला ढकललं. "वस्तीतल्या शाळेत दर रविवारी संध्याकाळी समूहगान शिकवतात, मी नाव घातलंय, तूही चल," म्हणाली. तिथं पोचलो तर तिसरीच्या वर्गात, लहान पोरांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन तीस मोठी माणसं बसलेली, आणि समोर पेटी घेऊन गुणाजी.

हा गुणाजी मालवणकडचा. गिरणीत होता तेव्हा तिथल्या भजनात पेटी वाजवायचा. संपात गिरणी बंद पडली ती पडलीच, आणि हा अंधेरीच्या एका कंपनीत शिपाई म्हणून लागला. "सहा दिवस 'ए गुणाजी, पाणी आण' ऐकतो," असं एकदा तो ज्युलियसला शाळेच्या पायरीवर बसून म्हणाला होता. "सातव्या दिवशी कोणीतरी मास्तर म्हणतं. तेवढ्यावर आठवडा निघतो बघ." ज्युलियसचं तरी काय वेगळं होतं?

पण म्हणून दोघांचं पटावं? छे! नाव घेऊ नका.

गुणाजीचं शिक्षण सगळं कानाचं. एक ओळ तो म्हणणार, तीच ओळ तिसांनी म्हणायची, पक्की होईपर्यंत. कॉयरचा अनुभव बघून मंडळानं ज्युलियसलाही मास्तर केलं होतं. तो घरी बसून कागदावर बाया दोन गटांत वाटायचा, पुरुष दोन गटांत वाटायचा, प्रत्येक गटाला वेगळी चाल द्यायचा.

"काय रे मेल्या," गुणाजी डाफरायचा, "एकत्र गायला माणसं बोलावलीस आणि चार चुली मांडतोस?"

"हार्मनी आहे मॅन ती!"

"तुझी हार्मनी ठेव खिशात. माका गाणा ऐकू येवक व्हया!"

तेवढ्यात डोक्यावरून विमान जायचं. आमचा विमानतळ शेजारीच. विमान गेलं की गाणं सोडलं होतं तिथूनच उचलायची तिसांनाही सवय होती, आणि भांडण सोडलं होतं तिथून उचलायची या दोघांना. महिन्यातून एकदा गुणाजी राजीनामा द्यायचा, एकदा ज्युलियस. मंडळाचा कार्यवाह राजाराम ते कागद घेऊन त्यांच्याच पाठीवर पुढच्या महिन्याच्या तालमींच्या तारखा लिहायचा. मोठा धोरणी माणूस!

आता खरं सांगू? गाणं मात्र बहरलं. गुणाजीनं शिकवलेली ओळ कोणी झोपेतसुद्धा विसरत नसे, आणि ज्युलियसच्या चार चुलींवर ती अशी काही फुगून यायची की शाळेचा रखवालदार खुर्ची घेऊन दाराशी येऊन बसायचा. पण दोघांनी ते कबूल करायचं म्हणजे जीभ झडली असती ना!

पंच्याऐंशीच्या दिवाळीनंतर राजारामचाही संयम सुटला. एका रविवारी दोघांत असं जुंपलं की निम्मी मंडळी चपला घालून निघाली. राजारामनं फळ्यावर डस्टर आपटलं.

"बास! जानेवारीत बोरिवलीची स्पर्धा आहे. तेवढी दोघं मिळून करा. नंतरच्या रविवारी हात वर करून मत घेऊ. एकच मास्तर राहील. दुसऱ्यानं यायचं तर बाकावर बसून गायचं."

खिशात होते म्हणून मला कळलं, ज्युलियसचं काळीज कसं धडधडत होतं ते. एका जागेवरून आराम करायला पाठवलेला माणूस तो. दुसऱ्यांदा तेच झालं तर खुर्चीतून उठला नसता. आणि गुणाजीचं तुम्हाला सांगितलंच आहे.

स्पर्धेसाठी तह झाला. गाण्याचं धृपद ज्युलियसच्या मनासारखं, नुसत्या गळ्यांचं. सूर मी द्यायचा. धृपदानंतर गुणाजीची पेटी शिरणार, मधला तुकडा वाजवणार आणि अंतऱ्याला नलिनी वर चढणार. नलिनी म्हणजे आमचा सगळ्यात उंच गळा, पोस्टमनची बायको, स्वभावानं लाजाळू. आमची पट्टी काळी एक. माझ्या अंगावरची अक्षरं घासून गेली होती, म्हणून ज्युलियसनं जोसेफीनच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका त्या भोकापाशी लावून ठेवला होता. ठिपका बघायचा, फुंकायचं. चुकायला जागाच नाही.

मध्ये नाताळ आला. आमचं मंडळ गणपतीत जसं मांडवात गायचं, तसं नाताळात वस्तीत दारोदार फिरून गायचं. गुणाजी पेटी गळ्यात अडकवून सगळ्यांच्या पुढे, आणि केकला कधी नाही न म्हणायची त्याची शपथ. नाताळच्या गाण्यांची पट्टी बरीच वर, काळी तीन. ज्युलियसनं त्या भोकापाशीही एक ठिपका लावला. घरात नेलपॉलिशची बाटली एकच. तोही लालच.

आलं का लक्षात?

स्पर्धेच्या दिवशी आमचा टेम्पो बोरिवलीला वेळेत पोचला. नाव पुकारलं. तीस माणसं रंगमंचावर उभी, बाजूला पेटीवर गुणाजी, समोर ज्युलियस. त्यानं चष्मा काढून खिशात ठेवला, कारण फोटो काढणार होते. मला बाहेर काढलं, लाल ठिपका बघितला आणि फुंकलं.

मी ओरडून सांगणार तरी कशी? माझ्या ज्या भोकात फुंकाल त्याचाच सूर येतो. काळी तीन निघाली. पेटीची पाच घरं वर!

मंडळी शिस्तीची. दिलेला सूर घेतला आणि निघाली. धृपद खालच्या अंगाचं होतं म्हणून निभावलं, उलट जरा झळकलंच. पण दुसऱ्या ओळीला ज्युलियसच्या लक्षात आलं. हात चालू होते, चेहरा पांढराफटक. मी त्याच्या डाव्या मुठीत होते, ती मूठ घामानं ओली झाली. धृपद संपल्यावर अंतरा, आणि अंतऱ्याला नलिनीला जिथं चढायचं होतं तिथं, या पट्टीत, देवाघरचा गळाही फाटला असता. नलिनीलाही कळलं होतं. ती गात होती आणि डोळे भरून आले होते.

गुणाजीला तर पहिल्याच सुराला कळलं. त्याचा कान तो! आता त्यानं काहीसुद्धा करायचं नव्हतं. दिलेल्या पट्टीत पेटी वाजवायची, बस. अंतऱ्याला सगळ्यांची वाट लागली असती, सूर कोणी चुकवला ते अख्ख्या सभागृहाला दिसलं असतं आणि पुढच्या रविवारी मत घ्यायचीही गरज उरली नसती. मास्तर एकच, गुणाजी. त्यानं ज्युलियसकडे बघितलं. ज्युलियसनं त्याच्याकडे बघितलं. मला वाटलं, संपलो आपण.

पेटी शिरली. ज्युलियसच्याच पट्टीत, अगदी मऊ. मग मधला तुकडा बसवल्याप्रमाणे न वाजवता गुणाजी हळूहळू खाली उतरायला लागला. खालच्या पंचमावर आला, तिथं थांबला, त्याच्याभोवती दोनदा घुटमळला, आणि बघता बघता त्या पंचमालाच सा करून बसला. ती आमची रोजची काळी एक! मान वर करून त्यानं अंतऱ्याचा पहिला सूर स्वतः लावून दिला. दोन महिने ज्या जागेवर घोटलं होतं ती जागा गळ्यांनी लगेच ओळखली. नलिनी जी चढली म्हणता, सभागृहात कोणी खोकलं नाही.

परीक्षक जयंतीबाई निकाल सांगताना मुद्दाम थांबल्या. "हौशी मंडळानं गाण्याच्या मध्यात षड्ज बदलायचं धाडस केलं. पहिलं बक्षीस त्याचंच. ही कल्पना कोणाची?"

गुणाजीनं पेटीवरून न उठता ज्युलियसकडे बोट दाखवलं. "त्याची. असलं परदेशी डोकं त्याचंच चालतं."

टाळ्या पडल्या. ज्युलियस माईकपाशी गेला. मला वाटलं, आभार मानेल.

"खोटं बोलतोय तो. मी चुकीचा सूर दिला. चुकून. त्यानं सगळ्यांना सांभाळून घेतलं. बक्षीस परत घ्यायचं तर घ्या, पण नाव त्याचं लिहा."

जयंतीबाई हसल्या आणि बक्षीस काही परत घेतलं नाही. टेम्पोतून परतताना मात्र कोणी गायलं नाही. मंडळाला प्रश्न पडला होता, रविवारी करायचं काय?

रविवार उजाडला. ज्युलियस मला खिशात आणि आपल्या सगळ्या कागदांची पिशवी हातात घेऊन आला होता, देऊन टाकायला. राजाराम फळ्यापाशी उभा राहिला.

"गुणाजी मास्तर हवेत त्यांनी हात वर करा."

एकच हात वर गेला, ज्युलियसचा. खिशातून मी पार वर खेचले गेले. बाकीचे तीस जण बाकावर कोरलेली नावं वाचत बसले होते. कुणी मान वर करेना.

"बरं. ज्युलियस मास्तर हवेत त्यांनी?"

पेटीमागून एक हात वर गेला. गुणाजीचा.

राजारामनं दोघांकडे आलटून पालटून बघितलं आणि कपाळाला हात लावला. "एक विरुद्ध एक. झकास! आता मी काय करू, डोंबल?"

"तारखा लिही," जोसेफीन म्हणाली.

या गोष्टीला चार वर्षं होतील. माझ्या दोन पत्त्या हिरव्या पडल्यात, तीन सूर बसलेत, एका भोकातून नुसती हवा जाते. दुरुस्त करणारा इकडे कोणी नाही. भांडणं चालूच आहेत, राजीनामेही. तुमच्या घरात कपाटात माझ्यासारखी एखादी पडून असेल तर तिला बाहेर काढा, बाबांनो. आम्हाला फार काही लागत नाही, एक श्वास पुरतो.

मला तो दर रविवारी मिळतो. सहा वाजता ज्युलियस मला ओठांपाशी नेतो, पण लगेच फुंकत नाही. आधी पेटीकडे बघतो. गुणाजी मान हलवतो. मग आम्ही तिघं मिळून सूर देतो.