घुमणारा प्रीअ‍ॅम्प

२००३ सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. इंदिरानगरच्या बंगल्यात कुंदनने वरची खोली खास गाण्यांसाठी ठेवली होती. पिंपळगावचं द्राक्षांचं पॅकहाऊस आणि घरची गुलाबाची शेती सांभाळून तो तिथे जाऊन बसे. रेकॉर्ड वाजवायचं टर्नटेबल परदेशातून आणवलेलं, त्याची सुई इतकी नाजूक की त्याची बायको शुभांगी त्या कोपऱ्यात झाडूही नेत नसे. फक्त सुईतून निघणारा बारीकसा आवाज मोठा करणारा प्रीअ‍ॅम्प जुना आणि साधा होता. तो बदलायचा म्हणून त्याने मुंबईच्या दुकानदाराकडून दोन प्रीअ‍ॅम्प ऐकून बघायला आणले, एक ट्रान्झिस्टरचा आणि एक जुन्या रेडिओसारख्या काचेच्या व्हॉल्व्हचा. आवडेल तो ठेवायचा, दुसरा परत.

ट्रान्झिस्टरचा जोडला आणि स्पीकरमधून घूंऽऽ सुरू झालं. थोड्या वेळाने आपोआप थांबलं, मग पुन्हा सुरू. कुंदनला वाटलं, जोडताना आपल्या हातून सुईला काही झालं तर नाही? तशी सुई पुन्हा मिळायची नाही. श्वास रोखून त्याने एकेक वायर तपासली. काही सापडेना. प्रीअ‍ॅम्पची पेटीच खराब असणार, अशी त्याने मनाची समजूत घातली.

रविवारी सकाळी त्याने व्हॉल्व्हचा जोडला, सतारीची रेकॉर्ड लावली. तारेवरून बोट घसरलेलंही कळावं, इतका मोकळा आवाज. हाच ठेवू, असं तो शुभांगीला सांगत होता, तेवढ्यात तेच घूंऽऽ पुन्हा उठलं. पेट्या वेगळ्या, आवाज तोच. आता मात्र कुंदन घाबरला. सुई वाचवायची म्हणून त्याने घाईने टोनआर्म, म्हणजे सुईचा धातूचा दांडा, उचलला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. फरशी नुकतीच पुसलेली, पाय अनवाणी.

त्याने ड्रॉवरमधून टेस्टर काढून टोनआर्मला लावला. टेस्टर पेटला. भिंतीवरचं बटण बंद केलं, तरी पेटलेलाच. जुन्या प्रीअ‍ॅम्पची पिन दोन काड्यांची होती, या दोन्हींची तीन काड्यांची, आणि तिसरी काडी अर्थिंगची. म्हणजे करंट पेटीतून नाही, भिंतीतल्या अर्थिंगच्या वायरमधून येत होता. आणि ती वायर घरभर फिरलेली. त्या आवाजासारखं मधूनच चालू, मधूनच बंद होणारं, तेही पाण्यातलं, घरात एकच होतं.

"गीझर चालू आहे का?" त्याने विचारलं.

"आई अंघोळीला गेल्यात," शुभांगी म्हणाली. "अहो, परवापासून म्हणतायत, नळाला हात लावला की मुंग्या येतात. मला वाटलं, शुगरमुळे असेल."

कुंदन जिना कसा उतरला ते त्याला नंतरही आठवलं नाही. बाथरूमचं दार आतून बंद, आत पाणी वाहत होतं. त्याने हाक मारली. उत्तर नाही. लोखंडी कडीकडे नेलेला हात त्याने मागे घेतला, मीटरच्या पेटीकडे धावला आणि मेन स्विच खाली ओढला. फ्रीजची घरघर थांबली. तो पुन्हा दाराशी आला. आत नुसतं पाणीच वाहत होतं. आपल्याला उशीर झाला, असं त्याला वाटलं.

"आई, नळापासून लांब हो," तो कसाबसा म्हणाला.

"हात धरून ठेवला व्हता नळानं," आतून यशोदाबाईंचा थकलेला आवाज आला. "बोलताबी येत नव्हतं. आता सोडलाय."

त्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसल्या होत्या, म्हणून वाचल्या, असं डॉक्टर म्हणाले. निवृत्ती इलेक्ट्रिशियनने अंगण उकरलं तेव्हा अर्थिंगची वायर जमिनीतच गंजून तुटलेली निघाली. गीझरची कॉइलही फुटली होती, आणि त्यातून उतरलेला करंट जमिनीत जायच्या ऐवजी घरभर फिरत होता. वायरिंग नवं झालं, करंट गळला की आपोआप पडणारा स्विचही बसला.

आठवड्याने दुकानदाराचा फोन आला. कुंदनने व्हॉल्व्हचा ठेवतो म्हणून सांगितलं. खरं तर दोन्हींतला फरक त्याने धड ऐकलाच नव्हता. आता स्पीकर जरा खरखरला तरी तो रेकॉर्ड तशीच सोडून खाली येई.

यशोदाबाईंनी गीझर काही पुन्हा बसवू दिला नाही. त्या मागच्या अंगणात चुलीवर पाणी तापवू लागल्या. तरीही त्या अंघोळीला गेल्या की कुंदन दाराबाहेर उभा राही.

"जा रे, नाय मरत मी," त्या आतून म्हणत.

तो हो म्हणे, आणि तांब्याचा आवाज थांबून कडी निघेपर्यंत तिथून हलत नसे.