नडगीतला निखारा

मार्गशीर्षातली पहाट. सड्यावर सूर्य अजून आला नव्हता, पण त्याच्या येण्याची लाली जांभ्या दगडात आधीच मुरली होती. मैलभर पसरलेलं ते काळं-तांबडं पठार, भेगाळलेलं, खरबरीत, वाऱ्यानं खरवडलेलं. मधूनमधून सुकल्या गवताचे सोनेरी झुबके. आणि पश्चिमेच्या कड्याखाली, धुक्यात लपेटलेला, निळसर, निःशब्द समुद्र.

त्या पठारावरून एक बाई पळत होती.

हेमांगी तोडणकर. वय चव्वेचाळीस. अंगात नवऱ्याचा जुना सदरा, पायांत नवे निळे बूट. बावीस वर्षं तिनं शाळेचे गणवेश शिवले होते. बावीस वर्षं तिचे पाय शिलाई मशीनच्या पायडलवर खालीवर, खालीवर चालत होते. अखंड, अविरत, अश्रांत चालत होते. आणि एवढं चालूनही खिडकीपाशच्या त्या स्टुलावरून वीतभर पुढे गेले नव्हते.

श्रावणात शाळेच्या खेळाच्या बाई, नफीसा मुजावर, मुलींच्या ट्रॅकपँटची मापं घेऊन आल्या होत्या. "पळायला मोकळं होईल असं शिवा, हेमाताई."

"पळायला किती मोकळं लागतं, मला काय ठाऊक?"

"मग पळून बघा की," नफीसा हसत म्हणाली होती.

तेवढ्यावरून सुरू झालं. विजेच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत. छातीत भाता, घशात काटे, कानांत रक्ताचे ढोल. मग तीन खांब. मग दहा. मग एके सकाळी खांबांकडे बघायचंच राहून गेलं. श्वास पावलांत मिसळला, पावलं वाऱ्यात मिसळली, आणि या पृथ्वीवर आपलं म्हणून एक शरीर आहे, ते नुसतं राबायला नाही, हे तिला चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं.

माघातल्या पहिल्या रविवारी सड्यावर दहा किलोमीटरची दौड होती. तिनं नाव दिलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मापाचं शिवलेल्या त्या बाईनं पहिल्यांदाच स्वतःच्या मापाचं काहीतरी बेतलं.

आणि कार्तिकात उजव्या नडगीत ठिणगी पडली.

तिनं कुणाला सांगितलं नाही. बारा दिवस थांबली, तेल चोळलं, मीठपाण्यानं शेकलं. ठिणगी विझली असं वाटलं, म्हणून पुन्हा पळाली. ठिणगी पुन्हा पेटली. ती पळताना दिसेनाशी झाल्यापासून नफीसा शाळेत जाताना रोज विचारायची, "पाय कसा आहे?" आणि ती रोज म्हणायची, "छान आहे."

आज, सातव्या किलोमीटरला, हाडातून एक तापलेली सुई आरपार गेली. पाय दुमडला. ती खरबरीत दगडावर हातांवर कोसळली, उठली, पुन्हा कोसळली. समोर समुद्रावरचं धुकं फाटत होतं, गवताच्या टोकाटोकावर प्रकाश पेटत होता, सारं कसं सुंदर होत चाललं होतं. आणि त्या सौंदर्याचाच तिला संताप आला. "मेल्या!" ती आपल्याच पायाला म्हणाली, आणि तिनं त्याच्यावर मूठ आपटली. "मेल्या, आत्ताच?"

नडगीच्या हाडाला केसाएवढा तडा. सहा आठवडे पळणं बंद. डॉक्टरांनी काळ्या फिल्मवर ती रेघ दाखवली. एवढीशी रेघ. दोरा ओवायलाही पुरणार नाही एवढी. तिच्यामागे अख्खा माघ नाहीसा झाला.

"आता पळणंबिळणं पुरे," नवरा घरी आल्यावर म्हणाला. श्रीधर तोडणकर वायरमन होता. साधा, कामसू, मायेचा माणूस. त्यानं दोन दिवस खपून तिच्या मशीनला मोटर बसवली, पायडल काढून टाकलं. "बघ, आता पायाला कष्टच नकोत. निवांत बस."

बस.

तो शब्द तिच्या आत पडला, आणि बावीस वर्षांचं कोरडं गवत एकदम पेटलं.

"बस? किती बसू?" तिचा आवाज तिलाच अनोळखी होता. "बावीस वर्षं बसलेच आहे ना? तुम्हाला कोण म्हणालं होतं हे बसवायला?"

"अगो, तुझ्यासाठीच केलं."

"माझ्यासाठी करायचं तर आधी मला विचारा!"

श्रीधरनं हातातली पक्कड पिशवीत टाकली. मग तो बाहेर गेला. त्याची पाठ बघून तिला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून तिला आणखी राग आला.

मग पौषाचे दिवस आले. थंड, पिवळे, न संपणारे दिवस. राग भाताच्या पेजेत होता. राग मोटरच्या गुणगुणण्यात होता. राग उंबऱ्याशी पालथ्या पडलेल्या निळ्या बुटांत होता. सकाळी रस्त्यावरून कुणाची धावती पावलं वाजली, की ती खिडकी लावून घ्यायची. मशीनवर नफीसाच्या मुलींचे दौडीसाठीचे सदरे होते. सुई पाठीवरचे आकडे कापडात ठोकत होती, ठक, ठक, ठक. जणू प्रत्येक टाका कुणालातरी मारलेला.

सदरे न्यायला नफीसा आली, तेव्हा तो सारा साठलेला जाळ तिच्यावर गेला.

"तूच मला पळायला लावलंस. आणि हाड मोडेपर्यंत तुला कळलं नाही? खेळाची बाई ना तू?"

नफीसानं हातातले सदरे खाली ठेवले. तिलाही राग आला होता. नाकपुड्या थरथरत होत्या.

"मी रोज विचारलं, ताई. रोज. तुम्ही काय सांगितलंत?"

हेमांगीनं सदऱ्यांचा गठ्ठा तिच्याकडे सरकवला.

"का नाही सांगितलंत?"

का नाही सांगितलं? प्रश्न खोलीत राहिला. नफीसा गेली, उन्हं गेली, प्रश्न राहिला. बाळंतपणाच्या कळा ती दाताखाली पदर धरून गिळत होती, तेव्हा सुईण म्हणाली होती, गुणाची आहे. पाठ भरून यायची, बोटात सुई घुसायची, कुणी विचारलं की ती म्हणायची, छान आहे. छान आहे. छान आहे. दुखणं लपवण्याचं हे कसब तिच्या अंगी इतकं मुरलं होतं, की तिच्या स्वतःच्या हाडानं आठवडेच्या आठवडे टाहो फोडला तरी तिनं त्यालाही गप्प बसवलं होतं. पायानं दगा दिला नव्हता. पाय एकटाच खरं बोलत होता.

आता तिचा राग कुणावर जायचा? त्याला आता चेहराच उरला नाही. पण तो विझला नाही. तो फक्त धूर सोडून धगीवर आला.

त्या संध्याकाळी श्रीधर जेवायला बसला, तेव्हा ती भांडं आपटून म्हणाली, "पाय ठणकतोय माझा. आज भांडी तुम्ही घासा."

त्यानं हातातला घास खाली ठेवला. "मघाशी का नाही बोललीस?"

"आत्ता बोलले ना!"

त्यानं भांडी घासली. पायडल परत बसवू का, असंही त्यानं विचारलं, पण तिनं नको म्हटलं. एवढ्या लवकर माफ करायचा तिचा विचार नव्हता, ना त्याला, ना स्वतःला.

माघातल्या रविवारी दौड झाली. ती गेली. पाणी वाटायच्या टेबलामागे उभी राहिली आणि धापा टाकत येणाऱ्यांच्या हातात पेले देत राहिली. कुणी थकलेलं, कुणी हसलेलं, घामानं चकाकणारं. प्रत्येक पेल्याबरोबर तिच्या काळजाला एक चटका बसत होता, आणि तिनं तो लपवला नाही. "वैताग आलाय मला," ती शेजारच्या नफीसाला म्हणाली. "दिसतंय," नफीसा म्हणाली, आणि पेले भरत राहिली.

फाल्गुन लागला. काजूच्या मोहोराचा तुरट-गोड वास सड्यापर्यंत चढला. डॉक्टर म्हणाले, एक मिनिट पळा, चार मिनिटं चाला. नफीसा बरोबर आली.

पळण्याचं पहिलं मिनिट भीतीचं गेलं. दुसरं मिनिट पिसासारखं. तिसऱ्या मिनिटाच्या अर्ध्यात नडगीत, अगदी मंद, एक ठणका उठला.

तिच्या ओठांवर जुने, गुळगुळीत दोन शब्द आपसूक आले. ती थांबली. ते शब्द तिनं दातांनी अडवले.

"दुखतंय," ती म्हणाली.

मग मोठ्यानं. मग त्या रित्या, रुंद, निर्दय पठाराला ऐकू जाईल अशा आवाजात, मूठ वळून, मान वर करून:

"दुखतंय! मला दुखतंय!"

नफीसा दचकली नाही. "मग आज एवढंच," ती म्हणाली.

"आज एवढंच," हेमांगी रागानं म्हणाली. "पण परवा पुन्हा."

गवतातून टिटव्यांची एक जोडी ओरडत उठली. वर गेली, वळली, वाऱ्यावर तिरकी झाली. आणि खाली, उताराच्या वाटेवर, एक पाऊल जपून, एक पाऊल रोवून, संतापलेली, ताठ मानेची, ती बाई चालत राहिली, चालत राहिली, हळू, हळू, हळू.