बेकरीच्या गाडीतला हट्टी पट्टा

मित्रांनो, मी एक जुना सीटबेल्ट आहे. माझे धागे तुटले आहेत. पण हळहळू नका. मला कीव मुळीच आवडत नाही.

कारखान्यात मला यंत्रावर ताणून ताणून पाहिलं. मी हटलो नाही, म्हणून पास झालो. मग एका बेकरीच्या गाडीत चालकाच्या सीटवर माझी नेमणूक झाली. वाटलं, आता मान मिळेल. कसला मान! बेकरीवाला सगळ्यांशी गोड, माझ्याशी मात्र त्याचा उभा दावा. "हा फास कोण गळ्यात घालून घेणार?" म्हणायचा. पट्टा लावला नाही की गाडी टुंई टुंई ओरडायची. म्हणून त्याने मला पाठीमागून नेऊन खटक्यात अडकवलं आणि खुशाल माझ्यावर रेलून बसला. एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्या हाताने कानाला फोन. "हो हो, पाव निघालेत, पोचतोच!" मी चडफडायचो. त्याच्या पाठीला टोचता येईल तेवढं टोचायचो.

एका सकाळी चौकात वाहतूक पोलीसबाईंनी हात केला.

"फोन ठेवा. पट्टा कुठाय?"

"हा काय, लावलाय की!"

"पाठीला लावलाय. छाती काय लोखंडाची आहे?"

दोन्ही गुन्ह्यांचा दंड झाला. त्याने विनवण्या केल्या, ओळखी सांगितल्या. बाई बधल्या नाहीत. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. पण कुत्र्याचं शेपूट वाकडं ते वाकडंच! तो पुन्हा पुन्हा सापडला, आणि शेवटी काही महिन्यांसाठी लायसन्सच गेलं.

मग गाडी त्याच्या बायकोने हातात घेतली. तिने मला ओढून बाहेर काढलं, ओल्या फडक्याने पुसलं आणि छातीवरून घेऊन खट्कन लावलं. मग शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं.

"अहो, तुमचा पट्टा?"

"अगं, कोपऱ्यापर्यंत तर जायचंय."

"मग चालत या."

त्याने पुटपुटत लावला.

एका दुपारी आडव्या गल्लीतून एक मोटार थेट आमच्यावर आली. तिचा चालक मांडीवरच्या फोनमध्ये बघत होता. धाडकन आवाज झाला. पावाचे ट्रे उडाले, काच फुटली. बेकरीवाल्याची बायको पुढे फेकली जाणार, एवढ्यात मी करकचून आवळलो. माझे धागे तटातट तुटले, पण तिला सोडलं नाही! शेजारच्या माझ्या भावानेही बेकरीवाल्याला धरून ठेवलं.

दोघं खाली उतरली. तिच्या खांद्यावर माझा लालभडक वळ होता. तो पाहून बेकरीवाल्याचे डोळे भरले.

"दुखतंय का गं?"

"दुखतंय, म्हणजे जिवंत आहे. आधी त्या माणसाला बघा."

त्या चालकाने पट्टा लावला नव्हता. त्याचं कपाळ फुटलं होतं. बेकरीवाला त्याच्या जखमेवर फडकं दाबून कळवळून म्हणाला, "अरे, पट्टा लावायचास ना रे!" मी ऐकतच राहिलो.

एवढा ताण सोसलेला पट्टा पुन्हा भरवशाचा राहत नाही. म्हणून गॅरेजवाल्याने मला काढून नवा बसवला. योग्यच केलं. आता मी भंगारात आहे, पण ताठ आहे. कुणी म्हणतं पट्टा जाचतो, कुणी म्हणतं दंड म्हणजे नुसता छळ. म्हणा खुशाल! मी कुणाची माफी मागणार नाही.

मित्रांनो, माझ्या भावंडांना धूळ खाऊ देऊ नका. पट्टा विरला तर वेळेत बदलायला लावा. आणि घरची मोठी माणसं पट्टा लावायला, फोन ठेवायला तयार नसतील, तर गाडीत चढूच नका. हाका मारतील, रागावतील, उशीर होतोय म्हणतील. फुटपाथवरून तसूभरही हलू नका.